बटणावरची सीट पुन्हा बसवताना

आपल्या बैलगाडीला सीट नव्हती. साटीवर कडबा टाकला, वर बारदान अंथरले की झाली बैठक. ट्रॅक्टर आला तशी पत्र्याची सीट आली. जीप आली तशी रेक्झिनची आली. आता गावोगाव अशा चारचाकी दिसू लागल्या आहेत, की ज्यांच्या पुढच्या सीटला दांडीच नाही. बाजूला बटण दाबले की सीट गुरगुरत पुढे जाते, मागे येते, वर उचलते, पाठ टेकवते. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, एक्सयूव्ही ५०० यांच्या वरच्या दर्जाच्या गाड्यांत ही सोय कंपनीकडूनच आलेली आहे. शहरात चार-सहा वर्षे वापरून झालेल्या अशा गाड्या आता आपल्याकडे येतात. द्राक्षाचे किंवा आल्याचे दोन पैसे हाती आले, की एखादी आपल्याही अंगणात उभी राहते.

आमच्या पुतण्याने अशीच एक घेतली. तो पुण्याला नोकरीला, गाडी घरी. घरी गाडी चालवते ती त्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई. पुतण्या सहा फुटी, सूनबाई जेमतेम पाच फूट. दिवाळीला तो आला, सीट पार मागे सारून बसला, भुईमुगाच्या शेंगांची चार पोती तालुक्याला टाकून आला आणि सुट्टी संपवून परत गेला. गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली पंधरा-वीस दिवस उभी राहिली. मग एके सकाळी सूनबाई माझ्याकडे आली.

"आप्पा, सीट मागंच अडकलीय. बटण दाबलं तरी हलंना. पाय ब्रेकला पुरत नाही. आणि मंगळवारी आत्याबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय."

मी शेतावर निघालो होतो. म्हटले, संध्याकाळी बघू. पण तिला धीर नव्हता, आणि मागे उशी लावून गाडी चालवायला ती तयार नव्हती. हा तिचा शहाणपणा. पाठीमागची उशी ब्रेक दाबताना सरकते, पाय उणा पडतो आणि पट्टाही अंगावर नीट बसत नाही. तिने फाट्यावरच्या मिस्त्रीला बोलावले. त्याने दोन तासांत सीट बाहेर काढली. खाली उंदराचे घरटे, शेंगांची टरफले आणि कुरतडलेल्या वायरी. त्याने वायरी पिळून टेप गुंडाळली, सीट परत बसवली आणि बटण दाबून दाखवले. सीट हलली, पण कुरकुरत आणि एका अंगाने. शिवाय समोरच्या काचेखाली एअरबॅगचा लाल दिवा लागून राहिला. सूनबाईने वाकून पाहिले, तर चारपैकी तीनच बोल्ट बसलेले.

"वहिनी, तीन पुष्कळ झाले," तो म्हणाला. "सीट काय उडून जातीय का?"

सीट उडून जाते का?

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तुम्ही पट्टा लावता तेव्हा त्याची कडी ज्या कुलपात अडकते, ते कुलूप कशाला बांधलेले असते हे कधी पाहिले आहे का? बहुतेक गाड्यांत पुढच्या पट्ट्याचे कुलूप सीटच्याच सांगाड्याला, हातब्रेकच्या बाजूला पक्के केलेले असते. सीट पुढे-मागे जाते तसे तेही जाते. म्हणजे पट्टा तुम्हाला धरतो, कुलूप पट्ट्याला धरते, सीट कुलपाला धरते आणि सीटला धरतात ते तळाचे चार बोल्ट.

आता ताकद किती लागते पाहा. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा हिसका ३२ फूट खोल कोरड्या विहिरीत पडल्याएवढा असतो. गाडीचे तोंड दोन फूट चेपले जाते, तेवढ्या अंतरात ७० किलोच्या माणसाला थांबवायला हजार किलोच्या वर ताकद लागते. बटणावरच्या सीटचे स्वतःचे वजन मोटारींमुळे तीसेक किलो असते. तिला थांबवायला आणखी पाचशे किलोच्या आसपास. हे ओझे चार जागी वाटून घेण्याचा हिशेब गाडी बनवणाऱ्याने केलेला असतो. एक बोल्ट कमी केला की सीट तिरकी ओढली जाते, आणि उरलेल्या तिघांवर त्यांच्या वाट्याबाहेरचा भार येतो.

तीन ठिकाणी अडकणारा हा पट्टा निल्स बोलिन या स्वीडनच्या इंजिनिअरने बनवला, १९५९ साली, व्होल्व्हो कंपनीत. गंमत अशी, की त्याआधी तो साब कंपनीत विमानाच्या सीटवर काम करत असे. कोणती सीट? विमान कोसळू लागले की वैमानिकाला घेऊन बाहेर उडणारी! सीट उडवायची कशी हे ज्याला ठाऊक होते, त्यानेच माणसाला सीटला बांधून ठेवण्याची सर्वांत साधी युक्ती काढली. व्होल्व्होने त्या पट्ट्याचे पेटंट इतर कंपन्यांनाही मोकळे ठेवले, म्हणून आज तो तुमच्या-आमच्या गाडीत आहे.

दुसरी गोष्ट दिव्याची. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीला चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ मध्ये शेजारच्या प्रवाशासमोरचीही. त्या दोन समोर असतात. पण पुष्कळ गाड्यांत तिसरी आणि चौथी एअरबॅग सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूच्या फुगीर भागात शिवलेली असते. बाजूने धडक बसली की पापणी लवायच्या आत ती फुगते, कारण दार आणि माणूस यांच्यात वीतभरच जागा असते. तिच्या वायरी सीटखालून जातात. म्हणजे सीट काढणे हे नुसते खुर्ची हलवणे नव्हे. तिच्या पोटात दारूचा बार आहे असे समजून हात घालायचा.

शनिवारी पुतण्या पुण्याहून आला. रविवारी सकाळी आम्ही दोघांनी ती सीट पुन्हा काढली आणि पुन्हा बसवली. सूनबाई गाडीचे पुस्तक घेऊन शेजारी बसली होती. मिस्त्रीचे काय चुकले हे तेव्हा एकेक करून उलगडले.

आधी हलवा, मग वीज तोडा

सीट तळाच्या दोन रुळांवर सरकते. प्रत्येक रुळाला पुढे एक, मागे एक असा बोल्ट असतो. त्यावर बहुधा प्लास्टिकची टोपी असते. ती बोटाने किंवा सपाट स्क्रू-ड्रायव्हरने अलगद निघते. सीट पूर्ण मागे नेली की पुढचे दोन बोल्ट उघडे पडतात, पूर्ण पुढे नेली की मागचे दोन. म्हणून चारही बोल्ट ढिले करण्याचे काम बॅटरी जोडलेली असतानाच उरकायचे. ते झाले की सीट मध्यावर आणायची, शक्य तेवढी वर उचलायची म्हणजे खालच्या वायरींना हात पोचतो, आणि मगच बॅटरीला हात लावायचा. घाईने आधी बॅटरी काढली, तर सीट जागीच थिजते आणि दोन बोल्ट तिच्या पोटाखाली राहतात. आपल्याकडे पुष्कळांची पहिली चूक इथेच होते.

बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर दहाच्या पान्ह्याने सोडवायची. किल्ली बंद करून खिशात ठेवायची. मग थांबायचे. एअरबॅगच्या पेटीत थोडी वीज साठवून ठेवलेली असते, कारण अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग फुगावी लागते. ती वीज उतरायला वेळ लागतो. कुठल्या गाडीच्या पुस्तकात दीड मिनिट लिहिलेले असते, कुठल्या दहा. आम्ही चहा घेतला, म्हशीला पाणी दाखवले, पंधरा-वीस मिनिटे जाऊ दिली. तेवढ्याने काही बिघडत नाही.

मग सीटखालचे कपलर. एअरबॅगचा कपलर पिवळा असतो, बहुधा वायरीही पिवळ्या किंवा पिवळ्या नळीतल्या. त्याला दुहेरी खटका असतो. आधी बाहेरचा खटका सरकवायचा, मग आतला दाबायचा. ओढाताण करायची नाही. हात घालण्यापूर्वी गाडीच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावावा, म्हणजे अंगातली वीज उतरते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पिवळ्या वायरीला टेस्ट-लॅम्प लावायचा नाही, मीटर लावायचा नाही, बॅटरीची वायर टेकवून "चालते का बघू" करायचे नाही. एअरबॅगचा बार उडायला अगदी थोडी वीज पुरते, आणि तुमचे तोंड तेव्हा सीटपाशी असते.

बाकीचे कपलर मोटारींचे, पट्ट्याच्या कुलपाचे, असलेच तर सीट गरम-गार करण्याचे. शेजारच्या सीटखाली माणूस बसला आहे की नाही हे ओळखणारा पडदाही काही गाड्यांत असतो. प्रत्येक कपलर सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पूर्वी आम्ही खडूने खुणा करत होतो. फोटो बरा.

डोक्याची उशी आधी काढून घेतली, की सीट दारातून निघणे सोपे जाते. वजनाला ती युरियाच्या गोणीहून हलकी, पण धरायला फार अवघड. रुळांची टोके धारदार असतात, दाराच्या रंगावर ओरखडे काढतात आणि हातही कापतात. उंबऱ्यावर जुनी गोधडी टाकावी, दोघांनी उचलावे, आणि अंगणात दुसरी गोधडी अंथरून तिच्यावर सीट पाठीवर निजवावी. एअरबॅग असलेली बाजू दाबून, आपटून ठेवू नये. उन्हातान्हात दिवसभर टाकूनही देऊ नये.

चौथा बोल्ट का बसला नाही

सीट उताणी केल्यावर पुतण्याने पहिल्यांदा तिचे आतडे पाहिले. बटणावरची सीट म्हणजे काही जादू नाही. १२ व्होल्टच्या दोन-चार छोट्या मोटारी. एक पुढे-मागे नेणारी, एक उंची वाढवणारी, एक पाठ टेकवणारी, आणि मोठ्या गाडीत मांडीखालचा भाग उचलणारी आणखी एक. विजेचे दोन टोक उलटे केले की मोटर उलटी फिरते. बटण तेवढेच करते.

पुढे-मागे नेणारी मोटर मात्र एकच असते आणि रूळ दोन. मोटारीच्या दोन्ही अंगांनी आडवा दांडा निघतो. काही गाड्यांत तो लवचीक, चौकोनी तारेसारखा असतो. तो दोन्ही रुळांतले आट्याचे लांब स्क्रू एकाच वेळी फिरवतो. दोन्ही स्क्रू बरोबरीने फिरले तर सीट सरळ जाते. औताला जुंपलेल्या जोडीसारखे आहे हे. एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा मागे राहतो, तेव्हा तास वाकडे जाते ते तुम्हाला सांगायला नको.

मिस्त्रीकडे आला तेव्हा आमच्या सीटची मोटर चालत नव्हती, कारण उंदराने तिच्या वायरी तोडल्या होत्या. मागचे बोल्ट काढायला सीट पुढे तर न्यायची होती. म्हणून त्याने आडवे दांडे उपसून दोन्ही रुळांचे स्क्रू वेगवेगळे, हाताने फिरवले. हा उपाय चुकीचा नाही. अडलेली सीट अशीच काढतात. पण किती फेरे इकडे, किती तिकडे, याचा हिशेब त्याने ठेवला नाही. दांडे परत घातले तेव्हा एक रूळ दुसऱ्याच्या बोटभर पुढे राहिला. तळाची भोके तर जागची हलत नाहीत. ओढूनताणून त्या बाजूचा पुढचा बोल्ट त्याने पकडला, मागचा भोकासमोर आलाच नाही. सीट एका अंगाने चालत होती, कुरकुरत होती, त्याचे कारणही हेच. असेच चालवले असते तर थोड्या दिवसांत गिअरचे दात गेले असते.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. दोन्ही दांडे काढले. दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने फिरवून दोन्ही रूळ एकाच टोकाला, अगदी थांबेपर्यंत नेले. टेपने दोन्हीकडचे अंतर मोजले. सारखे आले तेव्हाच दांडे परत घातले. तुमच्या सीटचे भोक बोटभर हुकले, तर पहार घालून सीट सरकवू नका आणि भोक तासून मोठे करू नका. आधी टेप लावा.

रूळ उघडे होते तोवर जुने, घट्ट झालेले ग्रीस चिंधीने पुसून काढले. त्यात शेंगांचा भुगा आणि माती बसली होती. नवे ग्रीस पातळ हाताने लावले. ट्रॅक्टरच्या निपलमध्ये भरतो तसे ठासून भरू नये, ते माती धरते.

पिळून टेप लावलेल्या वायरीही उघडल्या. मोटारीची वायर पुष्कळ वीज ओढते, तिला जाड फ्यूज असतो. नुसता पीळ ढिला झाला की तो तापतो, आणि वर सीटचा फोम असतो. मोटारींच्या वायरींचे जोड आम्ही डाग देऊन, वर गरम करून आवळणारी नळी चढवून पक्के केले. पिवळ्या वायरीला उंदराचा दात लागला नव्हता, हे नशीब. तिला जोड चालतच नाही. कुरतडली असेल तर कंपनीचा नवा वायरींचा जोड आणावा, दुसरा मार्ग नाही.

बसवण्याचा क्रम

सीट परत नेण्याआधी गाडीच्या तळातली चारही भोके पाहा. आट्यांत माती, गंज असेल तर साफ करा. रुळाच्या पायाला खाली बहुधा एक छोटी खुंटी असते, ती तळाच्या खाचेत बसते. सीट ठेवताना खुंट्या बसल्या की ती आपोआप जागेवर येते. वायरी रुळाखाली चिमटल्या नाहीत ना, हे बॅटरीच्या उजेडात बघा. मग बॅटरी तुटलेलीच असताना सगळे कपलर लावा, पिवळ्यासह. खटका वाजला पाहिजे आणि बाहेरचा पिवळा तुकडा आपल्या जागी सरकला पाहिजे.

मग बोल्ट. चारही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी, चार-पाच आटे धरेपर्यंत लावायचे. एक पक्का आवळून मग दुसरा शोधायला गेलात, तर तिसरा-चौथा हुकतोच. बोटाने बोल्ट फिरत नसेल तर तो आडवा चढतो आहे. पान्हा लावून त्याला घुसवू नका. तळातले आटे गेले तर काम हजाराचे होते.

बोल्ट मूळचेच वापरा. त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. तो पोलादाची ताकद सांगतो. आमच्या सीटचा चौथा बोल्ट मिस्त्रीकडे राहिला होता. पुतण्या म्हणाला, "आप्पा, ट्रॉलीच्या डब्यात या मापाचा आहे की." मापाचा होता. ताकदीचा नव्हता. कंपनीचाच बोल्ट मागवण्यापुरते आम्ही थांबलो असतो, पण सूनबाई फाट्यावर जाऊन तो मागून घेऊन आली. मिस्त्रीने तो डब्यात जपून ठेवला होता, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. काही गाड्यांत सीटचे बोल्ट एकदा काढले की नवेच घालावे असे पुस्तकात लिहिलेले असते. तसे असेल तर तसेच करावे.

सगळे हाताशी आले की बॅटरी जोडायची. तेव्हा गाडीत कोणी बसलेले नको, मूल तर मुळीच नको. किल्ली बंदच. बॅटरी जोडल्यावर किल्ली फिरवा, सीट हळूहळू मागे न्या, पुढचे दोन बोल्ट आवळा. मग पुढे नेऊन मागचे दोन. हे काम टॉर्क पान्ह्याने करावे. किती आवळायचे तो आकडा गाडीप्रमाणे बदलतो, पुस्तकात किंवा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मिळतो. चाकाच्या नटापेक्षा तो बराच कमी असतो, त्यामुळे चाकपान्ह्यावर उभे राहून आवळण्याची गरज नाही. टॉर्क पान्हा नसेल तर हाताने बेताने आवळा आणि त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये पान्हा लावून घ्या.

आता सीट दोन्ही टोकांपर्यंत आणि खाली-वर दोनदा फिरवा. एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने मागून बॅटरी मारून वायरींकडे पाहावे. कुठली वायर ताणली जाते का, रुळात जाते का. पाठीला धरून सीट जोराने हलवा, ठक् असा आवाज येता कामा नये. पट्टा कुलपात घालून झटका द्या.

राहिला दिवा. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो, ही निरोगी गाडीची खूण. आमचा विझला नाही. कारण मिस्त्रीने पिवळा कपलर सुटलेला असताना किल्ली फिरवून मोटर तपासली होती. गाडीच्या मेंदूने तो दोष नोंदवून ठेवला. कपलर परत लावला तरी ती नोंद बहुतेक गाड्यांत आपोआप पुसली जात नाही, आणि दिवा लागलेला असताना एअरबॅग फुगेलच याचा भरवसा नाही. ती नोंद यंत्र लावूनच काढावी लागते. म्हणून सोमवारी पुतण्या गाडी घेऊन जिल्ह्याच्या वर्कशॉपला गेला. त्यांनी यंत्र लावले, नोंद पुसली, बोल्टही टॉर्क पान्ह्याने तपासले. "दिवा लागतच असतो" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. आणि दिव्याचा बल्बच काढून देणारेही महाभाग असतात. किल्ली फिरवल्यावर जो दिवा लागतच नाही, त्याचाही तितकाच संशय घ्या.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

हा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर-सांगलीकडे, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणमध्ये किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिले. बुडालेली गाडी धुऊन-पुसून, सीटला नवे कव्हर घालून विकली तर वरून कळत नाही. पण सीटखाली कळते. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन ऐकण्याआधी सीट पुढे-मागे करून खाली बॅटरी मारा. रुळांच्या कोपऱ्यात सुकलेला गाळ, सीटच्या स्प्रिंगांवर गंज, बोल्टाच्या डोक्यावर पान्ह्याचे ताजे ओरखडे, कपलरमध्ये हिरवट बुरशी यांतले काही दिसले तर विचारा, सीट कधी आणि कशासाठी काढली होती. सीटपर्यंत पाणी चढलेल्या गाडीतल्या सीटच्या मोटारी, कपलर आणि एअरबॅग उन्हात वाळवून खऱ्या होत नाहीत, बदलाव्या लागतात. तो खर्च धरूनच भाव करा.

दुसरी गोष्ट कव्हरची. सीटच्या पाठीला दाराच्या बाजूला एअरबॅग असे लिहिलेली छोटी चिठ्ठी शिवलेली असेल, तर तिथली शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. एअरबॅग ती फाडूनच बाहेर येते. आपण हौसेने वरून जाड रेक्झिन ताणून शिवून घेतो. मग ती बाहेर येणार कशी? अशा सीटला त्या बाजूने मोकळे असलेले कव्हर घ्या, नाहीतर घालूच नका. आमच्या गाडीला लालचुटुक कव्हर होते. रविवारी काढले ते परत घातले नाही. आत्याबाई थोड्या हिरमुसल्या, कारण रंग त्यांच्या पसंतीचा होता.

मंगळवारी सूनबाईने बटण दाबून सीट पुढे घेतली. चौघांच्या साक्षीने ब्रेक पूर्ण तळापर्यंत दाबून पाहिला. गुडघा थोडा वाकलेलाच राहिला, जसा राहायला हवा. आत्याबाई मागे बसल्या, त्यांनाही पट्टा लावायला लावला. बॅटरी काढल्यामुळे गाडीतले घड्याळ चुकले होते आणि काच आपोआप वर जायची सोय बंद पडली होती. काचेचे बटण काच पूर्ण मिटेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ दाबून धरल्यावर ती सोय परत आली. घड्याळ मात्र लावायचे राहिले. शेंगांची पोती आता ट्रॉलीतून जातात, आणि पत्र्याखाली गाडीशेजारी सूनबाईने उंदरांचा सापळा ठेवला आहे. पहिल्याच आठवड्यात दोन सापडले.